बॅट टाक आणि पळ

बॅटिंग शिकवावी तर मीच, हे आधीच सांगून टाकते. गर्व म्हणाल तर आहेच. कोल्हारच्या शाळेत मी चार वर्षं बेसबॉल खेळले, दोनदा जिल्ह्याच्या संघात गेले. आज नगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत असले, तरी चेंडू समोरच्याच्या हातातून सुटला की तो कुठे येणार हे मला अजून कळतं. त्यामुळे माझ्या आठ वर्षांच्या मुलीने "आई, मलापण बेसबॉल खेळायचाय" म्हटल्यावर मी तिला सावेडीतल्या एका मैदानावर सकाळच्या बॅचला घातलं, पण बॅटिंग मात्र माझ्याकडे ठेवली.

तिथल्या सरांना ते फारसं रुचलं नाही. माणूस चांगला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, शिट्टी कायम तोंडात. "मॅडम, दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या की पोरं गोंधळतात," ते म्हणाले.

"मग तुम्ही सांगू नका," मी म्हटलं. हसत म्हटलं, पण म्हटलं.

संध्याकाळी ग्रंथालयातून आले की आमची शाळा सोसायटीच्या पार्किंगमागच्या मोकळ्या जागेत भरायची. बादलीत वाळू भरून त्यात प्लास्टिकचा पाइप रोवला आणि पाइपच्या तोंडावर चेंडू ठेवला. आधी हा थांबलेला चेंडू मारायचा, मग मी टाकलेला. लेकीला क्रिकेटची सवय होती, आपल्याकडे कुणाला नसते? बॅट जमिनीवर टेकवून, वाकून, टुकटुक करत उभी राहायची. तिची बॅट खांद्यामागे उभी करायलाच मला चार दिवस लागले. पुढचा पाय थोडासा टाक, आधी कंबर फिरव, हात मागून येतील, आणि बॉल बॅटला लागेपर्यंत त्याच्यावरून नजर काढू नकोस. एवढंच मी सांगायचे, पण शंभर वेळा सांगायचे. पंधरा दिवसांत चेंडू भिंतीवर थाडथाड आदळायला लागले, आणि पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीत येऊन आमच्याकडे बघायला लागले.

मैदानावरची बॅट तिला जड पडत होती. म्हणून दसऱ्याच्या आधी मी तिला तिच्या मापाची नवी बॅट घेऊन दिली. अ‍ॅल्युमिनियमची, निळी, मुठीला काळी पट्टी गुंडाळलेली. दुकानातून घरी येईपर्यंत ती बॅट तिने स्कूटरवर माझ्या मागे बसून दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. त्याच आठवड्यात सरांनी सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत लहान गटाची टीम पुण्याला सामना खेळायला जाणार आहे. मैदानावर पोरं सोळा आणि जागा नऊ. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आपसात सामना होणार आणि त्यातून निवड. निवडलेल्यांना पाठीवर नंबर असलेला शर्ट मिळणार होता. लेकीने सात नंबर ठरवूनही टाकला. वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सात लिहून ठेवला. मला तिच्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. त्या सोळांत तिच्यासारखा फटका कुणाचाच नव्हता, आणि हे मी आई म्हणून बोलत नाही.

खंडेनवमीला आम्ही कोल्हारला आबांकडे गेलो. आबा म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडली तरी शेत स्वतः बघतात. त्या दिवशी ते घरातली सगळी हत्यारं धुऊन ओसरीवर मांडतात. कोयते, विळे, खुरपी, फावडं, पान्हे. हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि दिवसभर त्यातल्या कशालाही कामाला लावायचं नाही. लेक बॅट घेऊनच आली होती.

"आन की तुझं बी हत्यार," आबा म्हणाले.

त्यांनी बॅट ओल्या फडक्याने पुसली, कोयता आणि फावडं यांच्या मधोमध ठेवली, तिच्यावर पाच बोटं कुंकवाची उठवली. मग नातीला समोर बसवून म्हणाले, "आता ही नुसती बॅट न्हाई राह्यली. हिला पाय लावायचा न्हाई, आन कुठंबी टाकून द्याची न्हाई. कळलं का?"

तिने इतकी गंभीर मान हलवली की मला हसू आलं. मी फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. ग्रंथालयातल्या सगळ्यांनी त्याला बदाम पाठवले.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम मैदानावर थांबले. नवी बॅट, त्यात माझं शिक्षण. म्हटलं, सरांचं तोंड बघू या. तिची पाळी आली. चेंडू आला, तिची कंबर फिरली, टण्ण असा आवाज झाला आणि चेंडू दोन पोरांच्या मधून थेट कंपाउंडच्या भिंतीकडे निघाला. सगळे ओरडले, "पळ!"

आणि माझी लेक खाली बसली.

तिने बॅट दोन्ही तळहातांवर घेऊन, जिथे उभं राहून मारायचं त्या होम प्लेटच्या शेजारी अलगद ठेवली. मग तिला हात लावून तो हात छातीला लावला. आणि मग पळाली. तोवर चेंडू पहिल्या बेसवरच्या पोराच्या हातात येऊन पडला होता. आऊट.

मैदान खदाखदा हसलं. दुसऱ्या पाळीला पुन्हा तेच. फटका झकास, नंतर पूजा, नंतर आऊट. बेसबॉलमध्ये बॅटचं काम चेंडू मारेपर्यंतच. मारला की ती बाजूला टाकायची आणि मोकळ्या हाताने चेंडूच्या आधी पहिला बेस गाठायचा. तिथे एका पावलाचा उशीरही चालत नाही. हे मी तिला सांगितलं होतं. पण पार्किंगमागे पहिल्या बेसएवढं लांब पळायला जागाच नाही, म्हणून ते करून कधी घेतलंच नव्हतं.

"मॅडम," सर शिट्टी काढून म्हणाले, "बॅटिंग तुमच्याकडे होती ना?"

हे लागलं. मला राग यायला एवढं पुरतं. मी रेषेजवळ गेले आणि ओरडले, "मारलास की टाक! टाक म्हणजे टाक, कळतं की नाही?" पुढच्या चेंडूला तिने डोळे मिटून बॅट मागे भिरकावली. मागे बसलेल्या कॅचर मुलाच्या गुडघ्याला ती चाटून गेली. सरांनी खेळ थांबवला. मुलाला काही झालं नव्हतं, पण सरांचा चेहरा बदलला होता. मला बाजूला घेऊन ते हळूच बोलले. "रविवारी असं झालं तर मला तिला घेता येणार नाही. बॅट धरून बसली तर टीमचं नुकसान, फेकली तर दुसऱ्याचं डोकं फुटेल. तिचा फटका मलाही दिसतो, मॅडम. पण बाकीच्यांवर अन्याय नको."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला आणखी राग आला. लेक रडली नाही. जाऊन बॅट उचलून आणली, शर्टाने पुसली आणि मांडीवर घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी तिला घेऊन कोल्हारला गेले ती आबांशी भांडायलाच. रस्त्यातल्या खड्ड्यांनी माझा राग अजून वाढवला. आबा गुरांच्या घासाला पाणी देत होते. फावड्याने एका वाफ्याचं तोंड बंद करायचं, दुसऱ्याचं उघडायचं. मी बांधावरूनच सुरू केलं.

"तुम्ही त्या बॅटचा देव केलात आणि आता ती पोर बॅट सोडत नाही. टीममधून जाईल ती तुमच्यामुळे."

"लई तापलीस," आबा म्हणाले. "आधी पानी पी."

"मला पाणी नको. तिला सांगा, टाकलेली चालते म्हणून."

ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात वरच्या अंगाला पाइपचा जोड निसटला. पाण्याचं कारंजं उडालं आणि शेजारच्या नव्या कांद्याच्या रोपांत पाणी घुसायला लागलं. आबांनी फावडं होतं तिथेच बाजूला टाकलं आणि धोतर आवरत मोटरकडे पळाले. या वयात त्यांना असं पळताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. त्यांच्या मागे माझी लेक पळाली. पण आधी तिने ते चिखलाने भरलेलं फावडं उचललं. तिच्या उंचीएवढं ते फावडं दोन्ही हातांत धरून ती अडखळत, धापा टाकत गेली. ती पोहोचेपर्यंत मोटर बंद होऊन आबा बांधावर बसलेही होते.

"ह्ये कशाला आनलं?" आबांनी विचारलं.

"तुम्ही टाकलंत ना. त्याची पण पूजा केलीय."

आबांनी माझ्याकडे हसून पाहिलं, मग तिला जवळ बसवून घेतलं. "पूजा केली म्हून म्या ह्याला कडंवर घिऊन हिंडू व्हय? त्यानं नीट काम करावं म्हून पूजा केली. त्याचं काम झालं, म्या टाकलं. मंग माझं काम पळायचं हुतं. फावडं घिऊन पळालो असतो तर रोपं गेली असती का न्हाई?"

"तुम्ही टाकून देऊ नको म्हणालात."

"टाकून देनं म्हंजी उकिरड्यावर टाकनं. ह्ये तसलं न्हाई. आन म्या फेकलं का? फेकलं असतं तर मागच्याच्या पायात गेलं असतं. बाजूला टाकायचं, हात मोकळं करायचं, आन सुटायचं."

मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. मी दहा मिनिटं घसा ताणून जे सांगितलं असतं ते आबांनी एका फावड्यावर निभावलं होतं. पण लेक फावड्यावरचा चिखल बोटाने खरवडत बसली होती.

"पण फावडं फुटत नाही," ती म्हणाली. "बॅट फुटते."

"कुनी सांगितलं?"

"आईने. आईने शाळेची बॅट खाली टाकली, ती फुटली. मग आईची टीम हरली. म्हणून माझी बॅट कधीच पडू द्यायची नाही."

आबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी हसले नाहीत. "अजून धरून बसलीस व्हय त्ये?"

सांगितलं होतं खरं. बॅट विकत घेतली त्याच दिवशी, दुकानातून बाहेर पडताना, मोठ्या तोऱ्यात. आमच्या शाळेत सगळ्या मुलींत मिळून लाकडाची एकच बॅट होती. ती सरांच्या कपाटात कुलपात असायची. तालुक्याच्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात मी चेंडू मारला आणि पळताना बॅट टाकली, ती रेषेवरच्या दगडावर. मुठीपासून उभी चिरली. सरांनी सुतळी गुंडाळली, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्याच शाळेची बॅट मागून खेळलो आणि हरलो. मला कुणी शब्दाने बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. येताना टेम्पोत सगळ्या मुली गाणी म्हणत होत्या आणि मी एकटी फळीला टेकून बसले होते. त्यानंतर मी जिल्ह्यापर्यंत खेळले, पण बॅट टाकताना प्रत्येक वेळी तो दगड डोळ्यांसमोर यायचा. आणि तोच दगड मी नव्या बॅटबरोबर लेकीच्या हातात दिला होता. वर आबांच्या नावाने खडे फोडायला वीस कोस आले होते. मला स्वतःची चांगलीच लाज वाटली.

"लाकूड हुतं, फुटलं," आबा म्हणाले. "चल, च्या पिऊ."

सोमवारी संध्याकाळी मी लेकीला पार्किंगमागे उभं केलं आणि तिच्या हातातून बॅट घेतली. "बघ हं," म्हटलं. पाइपवर चेंडू ठेवला, मारला. आता टाकायची. माझे हात सुटेनात! खरं सांगते, चाळिशी उलटलेली बाई मी, माझ्याच पैशाने आणलेली बॅट, आणि बोटं मुठीला चिकटून बसली. लेक टक लावून बघत होती. मी हसल्यासारखं केलं, पुन्हा चेंडू ठेवला, पुन्हा मारला, आणि या वेळी डावा हात उघडला. बॅट फरशीवर पडली. टण्ण, टण्ण, टण्ण करत लोळत बादलीला जाऊन अडकली.

आम्ही दोघी तिच्याजवळ उकिडव्या बसलो. निळ्या रंगावर बोटभर लांब पांढरा ओरखडा उठला होता. लेकीने त्यावरून नख फिरवलं.

"फुटली नाही," ती म्हणाली.

"नाही फुटली."

"परत टाक."

मी परत टाकली. मग तिने टाकली. त्या आठवड्यात आम्ही चेंडूला फारसा हातच लावला नाही. नुसती बॅट फिरवायची, बाजूला सोडायची आणि जिन्यापर्यंत पळायचं. आधी ती हळूच ठेवल्यासारखी टाकायची, मग भिरकावायची. गुरुवारपर्यंत बॅट बरोबर पायाच्या बाजूला पडायला लागली. काका गॅलरीतून ओरडले, "अहो, भांडी पाडताय की काय?" मी वर बघून म्हटलं, "काका, रविवारपर्यंत कानात कापूस घाला." ते खरंच आत जाऊन कापूस घालून आले आणि पुन्हा बघत उभे राहिले.

निवडीच्या रविवारी मैदानावर सगळे आईबाप दोरीच्या बाहेर उभे होते. तिचे बाबा सुप्याच्या कारखान्यातून पहिली पाळी बदलून आले होते. पहिल्या वेळी लेक घाबरली. तिन्ही चेंडूंवर बॅट नुसती हवेत फिरली आणि ती बाद झाली. परत येऊन बसली. माझ्याकडे बघितलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, कंबर, कंबर आधी! पण तोंड दाबून उभी राहिले. ते मला किती जड गेलं हे तिच्या बाबांना विचारा.

दुसरी वेळ शेवटची. पहिला चेंडू तिने सोडला. दुसरा आला तो तिच्या आवडीच्या उंचीवर. बॅट फिरली, टण्ण! चेंडू खाली आपटत तिसऱ्या बेसकडे गेला. फार लांब नाही, नुसता पुरेसा. आणि तिने बॅट सोडली. माझ्या डोळ्यांसमोर ती निळी बॅट कडक मुरमावर पडली, एकदा उसळली, उलटी झाली आणि चुन्याच्या रेषेजवळच्या दगडाला लागून थांबली.

दगडाला. मला तो दगडच दिसला. मी दोरीखालून वाकून आत गेले. कशी गेले मला आठवत नाही. बॅट उचलली, मुठीपासून टोकापर्यंत फिरवून पाहिली, ओढणीने पुसली. कुठे चिरली नव्हती, कशी चिरणार? धातूची बॅट. तेवढ्यात माझ्या पाठीमागे मोठा गलका झाला. सरांची शिट्टी वाजली, "सेफ!" आणि लगेच, "मॅडम, बाहेर व्हा! खेळ चालू आहे!"

मी वळून पाहिलं तेव्हा ती पहिल्या बेसवर दोन्ही पाय रोवून उभी होती. धुळीने माखलेली, दोन्ही हात मोकळे. ती तिथे पोहोचली कशी, चेंडू आधी आला की ती आधी, शेवटचं पाऊल तिने कसं टाकलं, यातलं मी काही पाहिलं नव्हतं. आठवडाभर ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, ते माझ्या पाठीमागे होऊन गेलं होतं.

सामना संपल्यावर सरांनी नावं वाचली. तिचं आठवं होतं. सात नंबरचा शर्ट दुसऱ्या एका मुलीने आधीच मागून घेतला होता. लेक त्याबद्दल घटकाभर फुरंगटली, मग अकरा नंबरवर तयार झाली. सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "शिकवलंत तुम्ही." मी एरवी यावर चार वाक्यं बोलले असते. नुसतं "हो" म्हटलं.

लेक पळत आली. मी अजून बॅट काखेत धरून उभी होते.

"आई, पाहिलंस ना? मी आधी पोहोचले! त्याच्या हातात बॉल यायच्या आधी!"

पाहिलं म्हणता आलं असतं. तिच्या बाबांनी शेजारून मला तशी खूणही केली.

"नाही पाहिलं गं," मी म्हटलं. "मी बॅट बघत होते. दगडाला लागली म्हणून."

तिचा चेहरा पडला. क्षणभर वाटलं, आता रडते. पण तिने माझ्या काखेतली बॅट ओढून काढली, ओरखडा बघितला, नवा टवका बघितला, आणि ती तिथेच आमच्या दोघींच्या पायांशी मातीत टाकली.

"पुण्याला बॅटकडे बघू नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ."